पिवळं दिसलं की विचारा

माझं पद सांगितलं की लोक हमखास "म्हणजे नेमकं काय?" असं विचारतात. विद्यार्थी जीवन आणि ओळख कार्यक्रम, विभागप्रमुख. आमचा दादा गेली कित्येक वर्षं एकच विनोद करतो, "विद्यार्थ्यांना जीवन असतं हे त्यांना पटवून देण्याचा हिला पगार मिळतो." दरवेळी तो एकटाच हसतो आणि दरवेळी वहिनी त्याला म्हणते, "पुरे आता."

दादाचं तसं फारसं चुकत नाही. आमचं कॉलेज नावाजलेलं वगैरे नाही. ज्यांना मोठ्या विद्यापीठात जायला वेळ, पैसा किंवा मार्क यांपैकी काहीतरी कमी पडलं, ते आमच्याकडे येतात. दिवसभर दुकानात उभे राहून संध्याकाळी हिशेब शिकणारे, कारखाना बंद पडल्यावर वेल्डिंग शिकणारे, मुलं शाळेत जायला लागल्यावर नर्सिंगला आलेल्या आया. अशा माणसांना शिकवणं अवघड नसतं, पहिल्या दिवशी थांबवून ठेवणं अवघड असतं. "हे आपलं काम नव्हे" असं एकदा मनात आलं की ती चहाच्या सुट्टीत फाटकाबाहेर पडतात आणि पुन्हा दिसत नाहीत.

त्यासाठीच आमचा ओळख दिवस. सकाळी नव्या विद्यार्थ्यांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी वाटाड्या म्हणून द्यायचा, त्याने सगळी इमारत फिरवून दाखवायची. दुपारी सभागृहात माझं भाषण आणि मग ओळखपत्रांचं वाटप. ओळखपत्र त्याच दिवशी घ्यावं लागतं. जो घेत नाही त्याची जागा प्रतीक्षेत असलेल्या दुसऱ्या कुणाला तरी मिळते. हा नियम माझा नाही, त्यामुळे दरवर्षी मी त्याच्यावरून भांडते आणि दरवर्षी तो पाळते.

वाटाड्यांचे नियम मात्र माझे. त्यांनी पिवळे टी-शर्ट घालायचे. दारावर, जिन्यात, पाण्याच्या नळावर, जिथे नजर जाईल तिथे आमच्या पाट्या: "काही अडलं? पिवळं दिसलं की विचारा." आणि दुसरा नियम, ज्याच्यावरून सगळं कॉलेज माझी टिंगल करतं: वाटाड्याने उलटं चालायचं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणाची पाठ दिसता कामा नये, चेहरा दिसला पाहिजे, असं माझं म्हणणं. आधीचा आठवडाभर मी पोरांकडून व्हरांड्यात उलटं चालण्याचा सराव करून घेते. दरवर्षी कुणीतरी कचऱ्याच्या डब्यात बसतं. बसू दे. मी शिस्तीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही, आणि माझा आवाज चढला की व्हरांडे रिकामे होतात हे मला ठाऊक आहे.

या वर्षी मात्र धास्ती मलाच होती, कारण नव्या विद्यार्थ्यांत माझी वहिनी होती.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. ती स्वतः कॉलेजात शिकत होती, आणि लग्नानंतरही शिकणार असं ठरवूनच आली होती. वर्ष सरायच्या आत आई गेली. घरात बाबा, दादा, मी आणि ती. "यंदाचं वर्ष राहू दे, पुढच्या वर्षी बघू," असं ती म्हणाली. त्यानंतर माझी शाळा झाली, कॉलेज झालं, बाबांचं दुखणं झालं, तिचा मुलगा झाला, शिकला, नोकरीला लांब गेला. मी लग्न केलं नाही आणि त्याच घरात राहिले. तिचं पुढचं वर्ष काही आलं नाही. तिने कधी तक्रार केली नाही, आणि केली असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटलं.

पन्नाशी उलटल्यावर तिच्या मनाने घेतलं की पाळणाघराचा अभ्यासक्रम करायचा. लहान मुलं सांभाळण्यात तिचा हातखंडा. गल्लीतली अर्धी पोरं तिच्या कडेवर वाढली आहेत. पण पहिल्या वर्षी ती आमच्या फाटकापर्यंत आली, आतली तरणीताठी गर्दी बघितली आणि त्याच बसने घरी गेली. मागच्या वर्षी ती ओळख दिवसाला आली, सभागृहात मागच्या रांगेत बसली, आणि चहाला सगळे उठले तेव्हा उठून गेली ती गेलीच. घरी आल्यावर मला म्हणाली, "डोकं दुखत होतं." मी तिला एकदाही डोकं धरून बसलेलं पाहिलेलं नाही.

या वर्षी तिने स्वतःच नाव घातलं. जेवताना मला म्हणाली, "चिमे, यंदा जमलं तर जमलं. नाहीतर हा विषय माझ्यापुरता संपला. पुन्हा काढायचा नाही."

"जमेल गं."

"आणि तिथे मी तुझी कोण ते कुणाला सांगायचं नाही. वशिल्याने आले असं नको व्हायला."

मी कबूल केलं. काय करणार? एरवी मी तिची चिमी असते, पण वाद घातला की ती मला "वन्सं" म्हणते आणि अहो-जाहो करायला लागते. तिथपर्यंत पाळी येऊ द्यायची नसते.

ओळख दिवशी मी उजाडायच्या आत घराबाहेर पडले, त्यामुळे वहिनीने काय घातलं होतं ते मला दिसलं नाही. तिथेच सगळं फसलं. हवेत गारठा होता, म्हणून तिने तिचा आवडता स्वेटर घातला होता. स्वतः विणलेला आणि हळदीसारखा पिवळाधमक.

पुढची हकिकत मला नंतर तुकड्या-तुकड्याने कळली. वहिनी अंगणात येऊन तिच्या गटाच्या पाटीखाली उभी राहिली. एका बाईने तिला विचारलं, "टॉयलेट कुठे आहे हो?" वहिनी नुकतीच जाऊन आली होती, तिने बरोब्बर सांगितलं. ते एक बरोबर उत्तर तिला भोवलं. आणखी दोघं आली, मग चौघं आली. पाटीवर लिहिलंच होतं, पिवळं दिसलं की विचारा. तिच्या गटाचा खरा वाटाड्या होता आमचा टॅक्सीवाला. हा दुसऱ्या वर्षाला आहे, टॅक्सी चालवून शिकतो, आणि त्या दिवशी एका प्रवाशाला सोडायला गेला तो रेल्वे फाटकात अडकून पडला होता.

आमच्या ऑफिसच्या अधीक्षकांना सगळे कॅप्टन म्हणतात, कारण ते गळ्यात शिट्टी अडकवून फिरतात. चष्मा मात्र टेबलाच्या खणात ठेवतात. बाकीचे गट निघाले आणि एक गट तसाच उभा दिसल्यावर कॅप्टन तरातरा तिथे गेले. त्यांना पिवळा रंग दिसला, तेवढं पुरलं.

"अहो बाई, पुतळ्यासारख्या उभ्या काय? न्या की यांना!"

"नाही हो, मी तर—"

कॅप्टननी शिट्टी मारली. त्या शिट्टीपुढे कुणाचंही वाक्य पुरं होत नाही, माझंसुद्धा. सगळा गट वहिनीच्या तोंडाकडे बघत होता. वहिनी म्हणाली, "चला तर मग. बघू या काय काय आहे ते."

मी त्या वेळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून सगळे गट नजरेखालून घालत होते. सगळीकडे पिवळी पोरं छान उलटी चालत होती. आणि तेवढ्यात मला खाली एक गट दिसला, ज्याची वाटाडी सरळ चालली होती. गटाकडे चक्क पाठ करून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कोण आहे ती? कुणाकडून शिकून आली?" असं मी मोठ्याने म्हटल्याचं शेजारी उभ्या असलेल्या ग्रंथपालबाई सांगतात. मी ओरडायला वाकले, आणि मला ती चाल दिसली. पिशवी काखेत धरून, डावा खांदा जरा वर. ती चाल मी शाळेच्या रस्त्यावर इतकी वर्षं शेजारून बघितली आहे की अंधारातसुद्धा ओळखेन.

मी कठड्यावरून मागे सरले. खाली जाऊन तिला बाजूला घ्यावं, तर सगळ्यांसमोर तिची फजिती होणार. न जावं, तर ती त्या लोकांना कुठे नेईल देव जाणे. मी चोरासारखी गॅलरीतून, मग जिन्यातून, मग खांबाआडून तिच्या मागावर राहिले. विभागप्रमुखाला हे शोभत नाही, पण त्या दिवशी शोभा सांभाळायची ताकद माझ्यात नव्हती.

वहिनीला काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे ती प्रत्येकाला विचारत होती. झाडूवाल्या मावशींना विचारलं, ग्रंथालय कुठे. त्यांनी डावीकडे सांगितलं, ती उजवीकडे वळली, आणि सगळे उपाहारगृहाच्या मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात शिरले. तिथल्या आचाऱ्याने भाजी चिरता चिरता त्यांना स्वस्तात पोटभर कधी मिळतं त्याची वेळ सांगितली, जी आमच्या माहितीपत्रकात नाही. तिथून ते वेल्डिंगच्या कार्यशाळेत गेले. वेल्डिंगचे सर माणूसघाणे म्हणून प्रसिद्ध आहेत. वहिनीने त्यांना विचारलं, "आम्ही बघितलं तर चालेल का?" त्यांनी सगळ्यांना डोळ्यांवर धरायला काचा दिल्या आणि ठिणग्या उडवून दाखवल्या. या सरांना गेल्या कित्येक वर्षांत मी एकाही कार्यक्रमाला हजर राहायला लावू शकलेले नाही.

प्रत्येक वळणावर वहिनी थांबत होती. मागे वळून बघत होती, सगळे आले का. गटात एक बाई होती, कडेवर तान्हं मूल घेऊन आलेली, ती सारखी मागे पडायची. वहिनी तिच्यासाठी थांबायची, मग सगळेच थांबायचे, आणि थांबले की आपसांत बोलायला लागायचे. कानात हेडफोन घालून आलेल्या मुलीने ते कधी काढून खिशात टाकले ते मला कळलं नाही. छापखान्यातून नोकरी गेलेले पिकल्या केसांचे एक काका होते. ते त्या आईला बाळाच्या झबल्याचा बंद बांधून देत होते.

मी खांबाआड उभी होते आणि मला हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं. मी मोठ्या शाळेत नवी होते, वर्गात जायला घाबरत होते, तेव्हा ही बाई अशीच प्रत्येक खांबापाशी थांबायची. "आलीस ना? चल." तेवढंच म्हणायची. मी जी काही झाले ती तेवढ्या शब्दांवर झाले.

मग ते बॉयलरच्या खोलीपाशी पोचले. तिथे व्हरांडा संपतो. पुढे भिंत आणि लोखंडी दार. वहिनीने दार ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं आणि वळून म्हणाली, "इथे बहुतेक काही नाही." नेमका त्याच वेळी टॅक्सीवाला पिवळ्या टी-शर्टात धापा टाकत आला.

"अहो, हा माझा गट आहे! सगळं कॉलेज पालथं घातलं मी. तुम्ही कोण?"

तो बिचारा चुकीचं काही बोलला नव्हता. पण सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या.

"मी..." वहिनी म्हणाली, "मी नवीनच आहे. आजच आलेय."

कुणीतरी फिसकन हसलं. वहिनीचा चेहरा उतरला. "माफ करा हं," एवढं म्हणून ती गर्दीतून वाट काढत निघाली. माझ्या समोरून गेली, पण तिला मी दिसले नाही. ती सभागृहाकडे वळली नाही, फाटकाकडे वळली.

सभागृहात घंटा झाली होती. भाषण माझं होतं. इतक्या वर्षांत मी त्या भाषणाला एकदाही उशीर केलेला नाही. तापाने फणफणले होते त्या वर्षीसुद्धा व्यासपीठावर उभी होते. कॅप्टन लांबून मला हात करत होते आणि शिट्टी तोंडाशी नेत होते. मी त्यांना म्हटलं, "वाजवली तर याद राखा," आणि फाटकाकडे धावले.

वहिनी बसथांब्याच्या बाकावर बसली होती. स्वेटर काढून घडी करून मांडीवर ठेवला होता. वारा बोचरा होता आणि तिच्या दंडांवर काटा आला होता.

"स्वेटर घाल आधी," मी म्हटलं.

"तुम्ही जा वन्सं. तुमचा कार्यक्रम आहे."

वन्सं! म्हणजे सगळंच संपलं होतं. मी तिच्या शेजारी बसले. येताना मी मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती. नव्या विद्यार्थ्यांची समजूत घालण्यात माझा हात कुणी धरत नाही. ते सगळं सोडून मी तिच्यावरच डाफरले, "एवढं काय झालं गं? वाट चुकलीस, एवढंच ना?"

"लोक विश्वासाने मागे आले गं," ती म्हणाली. "सकाळभर मी मिरवलं. मला वाटायला लागलं होतं की जमतंय आपल्याला. आणि नेलं कुठे, तर भिंतीपाशी." तिने स्वेटरच्या घडीवरून हात फिरवला. "वय झालं, चिमे. हे मला आधी कळायला हवं होतं. विषय संपला माझ्यापुरता."

"वहिनी—"

"संपला म्हटलं ना."

कोपऱ्यावर बस दिसली. वहिनी उठून उभी राहिली. मी तिचा हात धरला, आणि धरून ठेवायचा मला काय अधिकार आहे ते कळेना म्हणून सोडला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो बाई! थांबा!"

सगळा गट रस्त्याच्या कडेने लगबगीने येत होता. पुढे छापखान्याचे काका, मागे बाळवाली, हेडफोनवाली, बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी खाली मान घालून आमचा टॅक्सीवाला. काका धापा टाकत म्हणाले, "काय हो हे? आम्हाला बॉयलरपाशी सोडून निघालात होय? ओळखपत्रं घ्यायचीत ना? चला."

"अहो, माझं ऐका," वहिनी म्हणाली. "मी तुमच्यासारखीच नवी आहे. मला कुठलंच काही माहीत नाही. तुमचे खरे वाटाडे हे मागे उभे आहेत."

"ते ठाऊक आहे आम्हाला."

"हो, आत्ता कळलंच की सगळ्यांना."

"आत्ता नाही हो," हेडफोनवाली म्हणाली. "तुम्ही 'ढकला' लिहिलेलं दार ओढत होतात ना सुरुवातीला? तेव्हाच कळलं."

"आणि त्याच्या आधी," काका म्हणाले, "तुम्ही त्या झाडूवाल्या बाईंना विचारलंत, 'हे कॉलेजच ना?' तेव्हाच."

सगळे हसले. तेच हसू होतं, बॉयलरपाशी फिसकन आलेलं, पण आता ते मोकळं होतं. वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मग आलात कशाला माझ्या मागे?"

बाळवालीने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मी चहाच्या सुट्टीत घरी जाणार होते. मूल रडतं, लोक बघतात. पण तुम्ही दरवेळी थांबत होतात. मला सोडून पुढे जाल असं वाटलंच नाही. मग जायचं राहूनच गेलं."

बस येऊन थांबली. दार उघडलं. एवढा मोठा घोळका उभा आणि चढत कुणीच नाही, त्यामुळे ड्रायव्हर वैतागला. "कुणी चढणार आहे का? की उगीच थांबवलीत?"

वहिनीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं होतं, पण हे तिचं तिनेच म्हणायला हवं होतं.

"नाही हो," ती ड्रायव्हरला म्हणाली. "तुम्ही जा."

दार लागलं आणि बस गेली. वहिनीने स्वेटर झटकला आणि डोक्यातून घातला. डोकं बाहेर आलं तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज घरातला होता. "आणि चिमे, तू भाषण सोडून इथे काय करतेयस? तिथे एवढी माणसं खोळंबलीत! पळ!"

"या तुम्हाला चिमी म्हणतात?" टॅक्सीवाल्याने मला हळूच विचारलं. मी डोळे वटारले, तसा तो मागे सरला. पण मी काही पुढे पळाले नाही. तो सगळा गट वहिनीच्या मागे निघाला आणि मी त्याच्या शेवटी चालत राहिले. तिने वळणावर मागे बघितलं. "आलीस ना?" मी मान हलवली. फाटकापाशी तिने रखवालदाराला विचारलं, "सभागृह कुठे हो?" माझ्या पाट्या जागोजागी असताना!

व्यासपीठावर चढले तेव्हा प्राचार्यबाई घड्याळाकडे बघत होत्या आणि कॅप्टन छताकडे. माझं भाषण पाठ असतं. पहिलं वाक्य असतं, "या वास्तूत आपलं स्वागत." मी माइकपुढे उभी राहिले आणि ते वाक्य सोडून दिलं. वहिनी मधल्या रांगेत बसली होती, एका बाजूला छापखान्याचे काका, दुसऱ्या बाजूला बाळवाली. बाळ वहिनीच्या मांडीवर झोपलं होतं.

"मला उशीर झाला, माफ करा," मी म्हटलं. "मी माझ्या वहिनीला आणायला गेले होते. तिने कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि मी कबूल केलं होतं. आज मी तो शब्द मोडते आहे. घरी गेल्यावर काय व्हायचं ते होईल." लोक हसले. "माझी आई गेली तेव्हा ही कॉलेजात शिकत होती. तिने शिक्षण थांबवलं, मला वाढवलं, शिकवलं. मी तिला आजपर्यंत कधी 'थँक यू' म्हटलेलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. पण आज इतक्या लोकांसमोर म्हणते, म्हणजे तिला मला गप्प करता येणार नाही. वहिनी, तुझ्यामुळे मी इथे उभी आहे. आणि तू त्या खुर्चीत बसली आहेस हे बघून मला जितका आनंद झालाय तितका स्वतःच्या पदवीच्या वेळीही झाला नव्हता. बाकी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. ओळखपत्रं घ्या. कुणीही घेतल्याशिवाय जायचं नाही."

कॉलेजच्या इतिहासात ओळख दिवसाचं इतकं छोटं भाषण झालं नसेल. टाळ्या झाल्या की नाही ते मला आठवत नाही. मी वहिनीकडे बघत होते. तिने मान खाली घातली होती आणि बाळाच्या अंगावरचं दुपटं उगीचच सारखं करत होती.

तिच्या गटातला एकही माणूस गळला नाही. ओळखपत्रावरच्या फोटोत ती गंभीर, जरा घाबरलेली आणि भलतीच पिवळी दिसते.

संध्याकाळी आम्ही दोघी एकाच बसने घरी निघालो. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी वाट बघत होते की आता "वन्सं" म्हणून सुरुवात होणार.

"सगळ्यांसमोर बोलायची काही गरज नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"होती."

ओळखपत्र तिने पिशवीत ठेवलं नव्हतं, हातातच धरलं होतं. मी नोकरीला लागल्यापासून आजतागायत ती रोज सकाळी उठून माझा डबा करते. कधी चुकलेली नाही. मी केस पांढरे झालेली बाई, अजून स्वयंपाकघरातून भरलेला डबा उचलते आणि निघते.

"चिमे," ती म्हणाली, "सकाळचा पहिला तास आहे माझा. उद्यापासून डबा तुझा तू करून घ्यायचास."

"तुझाही करीन," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "मीठ बेताने घाल," ती म्हणाली, आणि ओळखपत्रावरचा फोटो पुन्हा बघू लागली.